भर दुपारचा काळोख

यंदा मे लागता लागता कूलरच्या ताट्या बदलून घेतल्या. जुन्या क्षारांनी पांढऱ्या आणि कडक झाल्या होत्या. नव्या वाळ्यावरून पहिलं पाणी उतरलं आणि घरभर तो वास सुटला. ओल्या मुळांचा, मातीचा, किंचित गोड. हातातले अशिलाचे कागद बाजूला ठेवून मी नुसती उभी राहिले. अमरावतीतल्या माझ्या या घरात तो वास दर उन्हाळ्यात येतो आणि दर उन्हाळ्यात मला अकोल्याच्या एका मे महिन्यात नेऊन सोडतो. त्या मे महिन्यात मी एका माणसाशी रोज भांडत होते. भांडणाचा विषय सांगितला तर हसाल. एखाद्या रॉक गाण्याला 'गॉथिक' म्हणायचं की 'डूम', आणि त्याचा भाव 'उदास' सांगायचा की 'भकास'.

त्याच्या आधीच्या थंडीत बाबा गेले होते. ते अकोल्याच्या कोर्टात वकिली करायचे. मी तेव्हा अमरावतीला वकिलीच्याच शेवटच्या वर्षाला होते. आई एकटी पडू नये म्हणून मी पुस्तकं बांधून जठारपेठेतल्या घरी आले. पण एकटेपणा आम्हा दोघींना वेगवेगळा आला होता, आणि तो एकमेकींना कसा दाखवायचा हे कुणालाच कळत नव्हतं. आई स्वयंपाक करायची, कुरडया घालायची, गच्चीवरची वाळवणं राखायची, आल्यागेल्याशी नीट बोलायची. रडायची नाही. मी कानात इयरफोन घालून अभ्यासाला बसायचे. त्यात काय वाजतंय हे तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ज्या घराच्या भिंतीवर नवा फोटो लागलेला आहे, त्या घरात असली गाणी मोठ्याने लावायची माझी हिंमत नव्हती.

असली गाणी म्हणजे जड, काळी, हळू हळू सरकणारी. विहिरीच्या तळातून आल्यासारखा गाणाऱ्याचा आवाज. शब्द बहुतेक मरणाचे, धुक्याचे, सोडून गेलेल्या माणसांचे. या सगळ्या कुळाला सरसकट 'डार्क' म्हणून मोकळे होतात लोक, पण कुळात पोटशाखा पुष्कळ, आणि मला त्या तोंडपाठ होत्या. गिटार अगदी खालच्या सुरात लावलेली आणि चाल भरलेल्या बैलगाडीसारखी संथ, की तो डूम. बास गिटार पुढे, आवाज खर्जात, थोडा नाटकीपणा, थोडा प्रेमभंग, की तो गॉथिक. कोरडं, अस्वस्थ, पायात काटा रुतल्यासारखं वाजलं की पोस्ट-पंक. गंमत म्हणजे या बँडवाल्यांची एक खोड आहे. त्यांच्यातला कुणीही स्वतःला गॉथिक म्हणवून घ्यायला राजी नसतो. डोळ्यांत भरपूर काजळ, अंगभर काळे कपडे, गाण्यात कबरी, आणि मुलाखतीत मात्र म्हणणार, छे, आम्ही कुठे गॉथिक! मला अशा वेळी त्यांचा मनापासून राग यायचा. घरातली एकही गोष्ट पूर्वीच्या जागी राहिली नव्हती, तेव्हा निदान गाण्यांनी तरी आपापल्या कप्प्यात बसावं, असं काहीतरी मनात असावं. तेव्हा मी त्याला ज्ञान समजत होते.

अकोल्यातल्या ज्या कॉलेजातून मी आधी पदवी घेतली होती, त्या कॉलेजचं एक छोटंसं रेडिओ केंद्र होतं. आसपासच्या काही वस्त्यांपुरतंच ऐकू जायचं. सुट्टीत विद्यार्थी गावी जायचे, कार्यक्रमांना माणसं कमी पडायची, म्हणून केंद्र सांभाळणाऱ्या साबळे मॅडमनी मला बोलावून घेतलं. "घरी बसून काय करशील? ये संध्याकाळी," म्हणाल्या. त्या बाबांना ओळखायच्या. त्यांनी मला बोलावलं ते रेडिओसाठी नव्हतं, हे मला फार नंतर उमगलं.

तिथे गजानन भेटला. बडनेऱ्याजवळच्या गावचा, कापूस, तूर आणि थोडी संत्री पिकवणाऱ्या घरातला. अकोल्याला मामाकडे राहून इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता आणि रेडिओची सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात होती. पहिल्याच दिवशी माझ्या फोनमधलं गाणं तपासायला म्हणून त्याने हेडफोन लावला, डोळे मिटले, आणि गाणं संपल्यावर म्हणाला, "हे त मायाजवळ हाय. पन मले याचं नाव नाई मालूम."

त्याची गोष्ट अशी, की त्याचा एक आतेभाऊ पुण्याहून एक मेमरी कार्ड घेऊन आला होता आणि गावीच विसरून गेला होता. कार्डात हीच सगळी गाणी भरलेली, पण एकालाही नाव नाही, नुसते आकडे. गजानन वर्षानुवर्षं तुरीला पाणी देताना, संत्र्याच्या झाडांना आळी करताना ती ऐकत आला. बँड कोणता, देश कोणता, शाखा कोणती, काही ठाऊक नाही. मग ओळखीसाठी त्याने आपलीच नावं दिली होती. एक सुनं. एक भकास. एक ओलं.

"ओलं म्हणजे काय?" मी विचारलं.

"ज्याच्यात गिटार पान्यात बुडल्यावानी वाजते, ते ओलं."

"त्याला कोरस म्हणतात, गजानन. तो एक इफेक्ट असतो."

"असंन ना बाप्पा. पन ओलं म्हनलं का लगेच समजते का नाई?"

समजत होतं, हीच तर पंचाईत होती.

आम्ही दोघांनी मिळून संध्याकाळचा एक तासाचा कार्यक्रम सुरू केला. नाव 'काळी माती'. ते गजाननने ठेवलं. साबळे मॅडमना ते शेतीविषयक वाटलं म्हणून ताबडतोब मंजूर झालं. आमच्या आधी शेतकऱ्यांसाठी सल्ला असायचा. साठवलेल्या तुरीला कीड लागू नये म्हणून काय करावं, हे सांगून झालं की लगेच आमचा खर्जातला आवाज सुरू व्हायचा. केंद्राचा एक नियम होता. प्रत्येक गाण्याआधी त्याचा भाव श्रोत्यांना सांगायचा. भक्तिगीत असेल तर भक्ती, देशभक्तीचं असेल तर देशभक्ती. आमच्या गाण्यांना काय सांगायचं, यावर पहिल्याच दिवशी माईक चालू असताना आमची जुंपली.

मी म्हटलं, "आता ऐका एक डूम मेटल गाणं. भाव उदास."

गजानन मध्येच म्हणाला, "उदास नाई, भकास."

"एकच आहे ते."

"एक कसं असंन? उदास मानूस असते. भकास जागा असते. मानूस निघून गेल्यावर उरते ते भकास."

मी गाणं लावलं आणि माईक बंद केला. तो बिचारा गोंधळला. मग त्याला माझ्या बाबांचं आठवलं असावं, कारण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "म्या तुयासाठी नव्हतं म्हनलं," एवढंच पुटपुटला. मी म्हटलं, "हे संगीतशास्त्र नाही." तो म्हणाला, "नसू दे." आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिथूनच सुरुवात केली.

त्या भांडणांची चव मला अजून येते. कॉलेजच्या फाटकाजवळ उसाच्या रसाची गाडी होती, तिथे बसून भांडायचो. घुंगरू वाजायचे, रसावर लिंबाची एक बी तरंगत असायची, गुलमोहराच्या पाकळ्या येऊन बाकड्यावर पडायच्या, आणि मी तावातावाने सांगत असायचे, की शाखा ठरते ती वाद्यांवरून, ऐकणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावरून नाही. ऐकणाऱ्याचं मन रोज बदलतं. तो म्हणायचा, "मंग त गानंही रोज बदलते. काहून नाई बदलनार?" एकदा तो म्हणाला की मामाच्या कूलरचा पंप आणि आपलं ते अमुक गाणं एकाच सुरात आहे, चल दाखवतो. मी खरोखर गेले. मामी शेवया करत होत्या, त्यांना काही कळेना. आम्ही कूलरला कान लावून उभे. फरक होता, पण फार थोडा. "हा तुमचा डूम," गजानन कूलरवर थाप मारत म्हणाला, "घरोघरी वाजून राह्यला आन लोकायले पत्ता नाई."

आमच्यात दुसरं काही होतं का, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. नव्हतं. त्या दिवसांत सगळे माझ्याशी जपून, हळू आवाजात बोलत होते. हा एकटा बिनदिक्कत भांडत होता. मला तेवढं पुरत होतं.

मग एक तक्रार आली. कुणा वडिलांनी प्राचार्यांना फोन केला. त्यांचा मुलगा परीक्षेच्या दिवसांत खोली बंद करून अंधारात आमची गाणी ऐकत पडतो, कुणाशी बोलत नाही. ही कसली गाणी लावता तुम्ही? आम्हाला बोलावणं आलं. मी जाताना घाबरले होते. त्या वडिलांची काळजी खरी होती, आणि आपण खरंच कुणाला अंधारात ढकलत असलो तर, हा विचार मला सोडत नव्हता. आपल्या घरात तरी काय वेगळं चाललं होतं? एक मुलगी कान बंद करून बसली होती आणि तिची आई काही विचारत नव्हती.

प्राचार्य भले गृहस्थ होते. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं. साबळे मॅडम म्हणाल्या की त्या वडिलांशी त्या बराच वेळ बोलल्या आहेत, मुलगा ही गाणी ऐकायला लागायच्या आधीपासून गप्प आहे, त्याला कुणाशी बोलायला न्यावं हेही त्यांनी सुचवलं आहे. तरी प्राचार्यांनी मला विचारलं, "पण हे नेमकं कोणत्या प्रकारचं संगीत?"

मी सुरू झाले. पोस्ट-पंक कुठून आलं, त्यातून गॉथिक कसं फुटलं, डूमचा त्याच्याशी संबंध कसा नाही आणि तरी कसा आहे. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. पण हे ऐकून माणसाला काय होतं?"

मी पुन्हा पोस्ट-पंककडे वळले.

गजानन खुर्चीत पुढे सरकला. "सर, तुमी दुपारी जेवाले घरी जाता ना? घरी गेल्यावर काय करता?"

"काय करता म्हणजे? जेवतो. पडतो जरा."

"खिडक्या उघड्या ठेवता का?"

"मे महिन्यात? वेडा आहेस का?"

"हां. खिडक्या लावता, पडदे ओढता, वल्ला टॉवेल टांगता. घर पूरा अंधारा करता. मंग तिथी जिवाले बरं वाटते. कोनी म्हनते का, का सरायच्या घरात भूत हाय म्हून?" त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "हे गानं तसंच हाय, सर. बाहीर लय ऊन असते एखाद्याले."

सर हसले. साबळे मॅडम खिडकीकडे बघत राहिल्या. मी मात्र गजाननकडे बघत होते. इतके दिवस ज्याच्याशी मी शब्दांवरून भांडत होते, त्याने माझ्या सगळ्या दिवसांचं वर्णन एका वाक्यात करून टाकलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

निकाल मात्र पुरता आमच्या बाजूने लागला नाही. संध्याकाळची वेळ काढून घेतली गेली. 'काळी माती' भर दुपारी दोनला, पोरं झोपलेली असतात तेव्हा. श्रोत्यांचे फोन घ्यायचे, आणि नवं सत्र सुरू होईपर्यंत कुणी ऐकतंय असं दिसलं नाही तर कार्यक्रम बंद. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "संपलं. दुपारी दोनला अकोल्यात कावळासुद्धा जागा नसतो."

गजानन म्हणाला, "पाहू ना."

मे संपत आला, नवतपा लागला, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. आमच्याकडे त्या दिवसांत रस्ते ओस पडतात. जठारपेठेतली दुकानं शटर अर्ध्यावर ओढून आत डुलक्या घेतात. तोंडाला ओढणी गुंडाळून मी स्कूटीवर निघायचे तेव्हा डांबर मऊ झालेलं असायचं, कडुनिंबाखाली गायी एकमेकींना चिकटून सावलीच्या तुकड्यात उभ्या असायच्या, आणि सगळ्या घरांच्या खिडक्या बंद. पूर्वी मी कधी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. आता एकेक बंद खिडकी दिसली की वाटायचं, यामागे एक थंड, काळोखा चौकोन आहे. सतरंजी अंथरलेली आहे, माठ झाकलेला आहे, कुणीतरी उताणं पडून छताकडे बघतंय. जगात इतर ठिकाणी काळोखाचा अर्थ भीती असेल, पाप असेल, मरण असेल. आमच्या मुलखात वर्षातले तीन महिने तरी काळोख ही माणसांनी एकमेकांसाठी खपून केलेली गोष्ट असते. आई मुलांसाठी करते, सुना सासऱ्यांसाठी करतात. कोणीतरी उठून पडदा ओढतं, म्हणजे बाकीच्यांना पडता येतं.

पहिले काही दिवस फोन वाजला नाही. मग एक वाजला. रात्रपाळी करून आलेली एक नर्स होती. म्हणाली, झोप येईपर्यंत हे बरं वाटतं, पण तुम्ही दोघं मध्ये मध्ये भांडता तेही चालू ठेवा. मग भाड्याच्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक जण. मग जठारपेठेतले एक मिठाईवाले, अर्ध्या शटरमागून. त्यांना विचारलं, गाणं कसं वाटलं? म्हणाले, "समजलं काही नाही, पण घाई नाही त्याला. हे आवडलं." गजाननने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी कागदावर 'डूम' लिहून त्याच्यासमोर धरलं. त्याने त्यापुढे 'घाई नसलेलं' असं लिहिलं.

आणि मग एका दुपारी तो फोन आला.

फोन गजानन घ्यायचा, मी गाणी लावायची. "नमस्कार, 'काळी माती'मधी तुमचं स्वागत हाय, कोन बोलून राह्यलं?"

"मी जठारपेठेतून बोलते आहे," पलीकडून आवाज आला. "नाव राहू दे."

आई होती.

"सांगा ना काकू, कोनतं गानं लावू?"

"परवा लावलं होतंत ते. लांबलचक आहे. सुरुवातीला बराच वेळ कोणी गातच नाही. नाव मला नाही येत सांगता."

"वळखलं, वळखलं. तुमाले आवडलं ते?"

कूलरचा आवाज आईच्या मागून ऐकू येत होता, आमच्या घरातल्या मधल्या खोलीतला. मग ती बोलली, सावकाश, समोर कुणी नसल्यासारखी.

"आमच्याकडे दुपारी घर शांत ठेवायची पद्धत होती. आमचे हे कोर्टातून येऊन पडायचे. मी भांडं वाजू द्यायची नाही, नळ बारीक सोडायची. इतकी वर्षं सवय झाली. आता घर शांतच असतं, पण ते कोणासाठी शांत ठेवून राहिले ते कळत नाही. दुपार खायला उठते. हे गाणं सुरू असलं की वाटतं, ती शांतता दुसऱ्या कोणीतरी थोडा वेळ धरली आहे. मला हात सोडता येतो."

गजाननला सुचलं ते तो बोलला. "मंग काकू, या गान्याचा भाव काय सांगू लोकायले?"

"भाव कशाला सांगतोस रे?" आई म्हणाली. "लाव ना."

मी लावलं. कसं लावलं मला आठवत नाही. गजाननने माईक बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुयी आई व्हय?"

"कसं ओळखलंस?"

"तू चूप बसली. येवढे दिवस झाले, पह्यल्यांदाच."

मी हसायला गेले आणि मला रडू आलं. बाबा गेल्यानंतरचं ते पहिलं रडणं होतं, आणि त्याला साथ म्हणून जगातली सगळ्यात हळू चालीची गिटार वाजत होती. गजानन उठून दाराला आतून कडी लावून आला, कोणी येऊ नये म्हणून, आणि मग माझ्याकडे पाठ करून यंत्रांवरची धूळ पुसत बसला. पुसण्यासारखी धूळ तिथे नव्हती.

घरी गेले तर आई कैऱ्या उकडत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं. पण तीच म्हणाली, "तो मुलगा बरा बोलतो. कुठला?"

"बडनेऱ्याकडचा."

"रविवारी रसाला बोलाव त्याला."

म्हणजे मी तिथे असते, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. आवाज ओळखायचा असेल तर आईला माईकची काय गरज? ती रोज संध्याकाळी, आणि वेळ बदलल्यावर रोज दुपारी, माझं भांडण ऐकत होती. घरात मी तिच्याशी दिवसभरात जेवढं बोलायचे त्याच्या कितीतरी पट मी रेडिओवर बोलत होते. तिने ते तिथून घेतलं.

रविवारी गजानन आला, नवा शर्ट घालून, गावाकडची संत्र्याची बर्फी घेऊन. आमरस, कुरडया, भजी. खाताना तो इतका लाजत होता की मला त्याची कीव आली. मग आईनेच विचारलं, "काय रे, ते गॉथिक आणि दुसरं ते, त्यात फरक काय?" झालं. मी एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने. आई मध्ये बसून दोघांना वाढत होती. मी म्हटलं, परवाचं गाणं डूमच, चाल बघ त्याची. तो म्हणाला, "चाल सोड. काकूले इचार, सुनं हाय का भकास?"

आईने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "सुनंही नाही आणि भकासही नाही. तुम्हाला एक सांगू? ते झोपायचे नाहीत दुपारी."

"कोण, बाबा?"

"डोळे मिटून केसचा विचार करायचे. मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. पण ते उठायचे नाहीत आणि मी आवाज करायची नाही. सकाळी पक्षकार, संध्याकाळी पक्षकार. आमचा संसार म्हणशील तर त्या दुपारच्या वेळात होता, एकमेकांशी न बोलता." ती थोडी हसली. "तुमच्या त्या गाण्यात तसं आहे. आता याला काय नाव द्यायचं ते तुम्ही ठरवा."

आम्ही ठरवलं नाही. गजाननचा हात रसाच्या वाटीतच राहिला होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि रसाच्या बोटांनी पुसताही येत नव्हते. आईने आपल्या पदराने पुसले. "खा," म्हणाली, "रस काळा पडेल."

'काळी माती' नव्या सत्रातही चालली. त्या तक्रार करणाऱ्या वडिलांचा मुलगा पुढे बरा झाला, असं साबळे मॅडमनी सांगितलं. त्याच्या बरं होण्यात आमचा हात नव्हता आणि आजारातही नव्हता. मी परीक्षा दिली, अमरावतीला वकिली सुरू केली. गजाननला रेल्वेत सिग्नलच्या खात्यात नोकरी लागली, बडनेऱ्यालाच. आम्ही निघाल्यावर तो कार्यक्रम कधीतरी बंद पडला. आता त्या वेळेला जुनी हिंदी गाणी लागतात म्हणे. गजाननचं लग्न झालं, त्याची मुलगी शाळेत जाते. दर थोड्या दिवसांनी त्याचा एखादं गाणं पाठवणारा निरोप येतो, खाली एकच शब्द. 'ओलं.' मी लिहिते, 'हे पोस्ट-पंक आहे.' तो लिहितो, 'असंन.' कोर्टात मी दिवसभर शब्दांच्या व्याख्यांवरून भांडते, आणि अमुक कृत्य कोणत्या कलमात बसतं यावर माझं पोट चालतं. पण एखादी अशील बाई समोर बसून सांगायला लागली की मी तिला कलमात बसवायची घाई करत नाही. ही सवय मला वकिलीच्या कॉलेजात लागली नाही.

मागच्या आठवड्यात उन्हाळ्याच्या दिवसांपुरतं आईला माझ्याकडे आणायला मी अकोल्याला गेले. गजानन मामाकडच्या लग्नासाठी अकोल्याला आला होता, म्हणाला, "मायी गाडी हाय, बसा दोघी." आम्ही जेवून निघालो, भर दुपारी. बाहेर महामार्गावर ऊन पांढरं पेटलं होतं, शेतं नांगरून काळी करकरीत पडली होती. गजाननने नवीन गाणं लावलं आणि मूर्तिजापूर यायच्या आत आमचं सुरू झालं. मी गॉथिक म्हणत होते. तो म्हणे, याच्यात जिवंत मानूस हाय, याले भकास कसं म्हनू, सुनं म्हनतो. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, ऐकू द्या की मला." आम्ही आवाज खाली आणून भांडत राहिलो.

थोड्या वेळाने पाणी हवं का विचारायला मी मागे वळले. आई झोपली होती. काचेला डोकं टेकलेलं, तोंड जरासं उघडं, हाताची मूठ सुटून तळवा मांडीवर वर झालेला. उभ्या आयुष्यात मी तिला दुपारी झोपलेलं पाहिलं नव्हतं. गिटार घुमत होती, ट्रक घोंघावत जात होते, आणि ती लहान मुलीसारखी गाढ झोपली होती.

गजाननने आरशात पाहिलं आणि आवाज कमी करायला हात पुढे केला. मी तो धरला.

"राहू दे," मी म्हटलं. "वाजून राहिलं आहे तोवर झोपेल."

त्याने मान हलवली. बडनेऱ्याचा पूल दिसायला लागला तेव्हा गाणं संपत आलं होतं. मधे शांतता पडू नये म्हणून त्याने पुढचं आधीच लावून ठेवलं.